काजवे आणि मोटारी
१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली; १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी 'शिवाई'ही प्रथम येथेच आली. असे असता भंडारदऱ्याच्या रानात मे-जूनमध्ये काजवे पाहावयास लोटणारा शहरी प्रवासी खासगी मोटारींतूनच यावा, आणि ज्या काळोखासाठी तो आला त्यावरच त्याने दिव्यांचे झोत टाकावेत, हा केवढा विपर्यास! काजव्याचे चमकणे म्हणजे मादीला घातलेली साद. ती प्रकाशात हरवली की पुढल्या पिढीलाच धोका. सरसकट बंदी घालावी, तर आदिवासी गावांची चार दिवसांची कमाई बुडते. तेव्हा मोटारी शेंडीलाच थांबवून पुढे विजेच्या लहान बसगाड्या सोडाव्यात. परिवहन महामंडळ व वन खाते यांनी हे येत्या हंगामापूर्वीच ठरविले पाहिजे.