मु. पो. चारठाणा, व्हाया बोरी

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं काही. फक्त सातबारा नाही! धोरणात गाड्यांसोबत 'कॅरॅव्हॅन पार्क'ही आहेत, म्हणजे रात्री गाडी लावायची, पाणी भरायची, वीज घ्यायची जागा. कल्पना झकास आहे, वाद नाही. पण या गाड्यांच्या जाहिराती जरा बघा. गाडी उभी कुठे? समुद्रकिनाऱ्यावर, नाहीतर महाबळेश्वरच्या धुक्यात. अहो, तिथे चार पावलांवर हॉटेल आहे! घर सोबत न्यायचंच तर जिथे रात्री टेकायला जागा मिळत नाही तिथे न्यायला नको का?

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ही गाडी मराठवाड्यात यायला हवी. तीही वेरूळ-अजिंठ्याला नव्हे, तर परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यासारख्या गावात. आणि तिच्यासाठी पार्क करायचाच असेल तर तो बोरीच्या बाजारतळावर करा. आता "बोरी कुठे आली?" असं विचारणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी : ता. जिंतूर, जि. परभणी. परभणीहून जिंतूरला निघालात की झरीच्या पुढे लागते. चारठाणा त्याच तालुक्यात, जिंतूरहून मंठ्याकडे जाताना.

हे मी हॉस्टेलच्या कॉटवर लोळत लिहीत नाहीये. सबमिशन संपल्यावर आम्ही पाच जण दोन दिवस असेच फिरलो. गाडी म्हणाल तर आमच्या मित्राच्या बोरीच्या काकांची जुनी ट्रॅव्हलर. ती आषाढीला दिंडीसोबत जाते आणि लग्नसराईत वऱ्हाड नेते. काकांनी तिची एकही सीट काढलेली नाही, कारण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. रात्री समोरासमोरच्या सीटांवर फळ्या टाकल्या, वर सतरंजी, की झाले बर्थ. पाच किलोची गॅसची टाकी, एक पातेलं, एक परात, खिडक्यांना पडदे म्हणून जुन्या साड्या. काकांना म्हटलं, "काका, याला परदेशात कॅरॅव्हॅन म्हणतेत." ते म्हणाले, "आमच्याकडं याला दिंडीची गाडी म्हणतेत. पाणी भरलंय का ते बघा आधी."

काकांचं बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात पलंग आणि शेगडी सोपी, पाणी अवघड. १ लिटर म्हणजे १ किलो, तेव्हा २०० लिटर पाणी म्हणजे तीन धष्टपुष्ट प्रवासी. तेही असे की ब्रेक दाबला की पुढे धावतात आणि वळणावर एका अंगाला पडतात! हे वजन मागच्या चाकांच्याही मागे ठेवलं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग भरवशाचं राहत नाही. आमच्या मेकॅनिकलवाल्यांनी म्हणून १०० लिटरचे दोन ड्रम मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडे पुढे, दोन्ही बाजूंना घट्ट बांधले. आणि नियम केला : एक ड्रम पूर्ण रिकामा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, कारण अर्धवट ड्रममध्येच पाणी सर्वांत जास्त हिंदकळतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवात जे सांगता आलं नव्हतं ते झरी-बोरी रस्त्यावरच्या खड्ड्यांनी पाच मिनिटांत शिकवलं.

हिशेब पाहा. पाच माणसं, दोन दिवस, २०० लिटर. म्हणजे माणशी रोज २० लिटर. शहरातल्या पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी १३५ लिटर धरून आखतात. खेड्यासाठी २०१९ च्या जलजीवन मिशनने ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे आम्ही २० लिटरमध्ये भागवलं, आणि भागतं! (अंघोळीबद्दल कृपया विचारू नये.) हे आकडे देण्यामागे कारण आहे. टँकरची सवय असलेल्या भागात शॉवर बसवलेली गाडी घेऊन जाणारा आणि गावच्या नळाला पाइप लावणारा पाहुणा लोकांना आवडणार नाही, आणि का आवडावा?

आता चारठाणा. गावात आणि आसपास यादवकाळातल्या देवळांचे अवशेष इतके विखुरले आहेत की कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं ते कळत नाही. 'इथे ३६० देवळं होती' असं गावात सांगतात. आपण मोजत बसू नये. गोकुळेश्वराचं देऊळ आहे, बारव आहे, आणि एक उंच कोरीव दगडी स्तंभ एकटाच उभा आहे. कुणी त्याला मानस्तंभ म्हणतं, कुणी दीपमाळ. घराच्या भिंतीत मधेच नक्षीचा दगड दिसतो. पायरीला म्हणून लावलेल्या दगडावर वेलबुट्टी असते. म्युझियममध्ये काचेआड ठेवतात तसला दगड इथे उखळाशेजारी पडलेला असतो, आणि त्यावर बसून कुणी तंबाखू मळत असतं. मला तरी त्यात काही गैर वाटलं नाही. सातआठशे वर्षं वापरात असलेली वस्तू आहे ती!

आमच्यातले दोघे सिव्हिलचे, त्यांना तर चेव आला. दगड दाबाला दणकट, पण ताणाला कच्चा. तुळई म्हणून आडवा टाकला की खालच्या बाजूने तडकतो. हे आपण एसओएममध्ये आकृती काढून शिकतो. यादवांच्या कारागिरांनी खांब जवळजवळ उभे केले, खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंना पुढे आलेले हात काढले आणि त्यामुळे तुळईचा स्पॅन आणखी कमी केला. छताला चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड टाकून आत लहान चौकोन, त्यात पुन्हा तिरका चौकोन, असं करत भोक बंद केलं. चुना नाही, सिमेंट तर नाहीच. दगड दगडाच्या वजनावर बसलाय. हेमाडपंत हा यादवांचा प्रधान होता, तेराव्या शतकातला, आणि त्याच्या नावावर आपण असलं प्रत्येक देऊळ खपवतो. पण हे गणित बसवणाऱ्या पाथरवटांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. बारवेचंही तसंच. उतरायच्या पायऱ्या म्हणजे खरं तर टप्प्याटप्प्याने मागे सरकलेली रिटेनिंग वॉल आहे. बाजूची माती आत ढासळू नये आणि पाणी कितीही खाली गेलं तरी बाईला घागर भरता यावी, अशी दोन्ही कामं एकाच बांधकामात.

हे सगळं तास-दीड तासात बघून होतं, मग मुक्कामाची गरज काय, असं तुम्ही म्हणाल. इथेच माझा खरा मुद्दा आहे. छत्रपती संभाजीनगरहून किंवा परभणीहून निघालेला माणूस इथे पोचतो बहुधा दुपारी. मराठवाड्यातली दुपार! ऊन डोक्यावर असलं की कोरीवकाम सपाट दिसतं, सावलीच पडत नाही. पंधरा मिनिटं फोटो, आणि अंधार व्हायच्या आत परत, कारण राहायचं कुठे? विशेषतः मुली सोबत असतील तर पहिला प्रश्न संडासाचा असतो. इतिहासाचा नंबर नंतर. आम्ही गावाबाहेर, परवानगी विचारून गाडी लावली आणि चालत आत गेलो. सकाळी साडेसहाला तिरपं ऊन दगडावर पडलं तेव्हा आदल्या संध्याकाळी न दिसलेले चेहरे, दागिने, घुंगरं एकेक करून वर आली. एक आजोबा पूजेसाठी आले होते. म्हणाले, "लोकं येतेत, फोटो काढतेत अन् जातेत. तुम्ही राहिलात म्हणून बोलायलोय." मग त्यांनी तासभर बोलत-बोलत आम्हाला गावभर फिरवलं. कोणत्या बारवेतला गाळ गावच्या पोरांनी काढला, कोणता दगड कुठून कुठे हलला, सगळं. असा माणूस पंधरा मिनिटांच्या पाहुण्याला भेटतच नाही. आणि ज्या गावाला फक्त पंधरा मिनिटांचे पाहुणे मिळतात, तिथे देवळाभोवती झाडलोट ठेवण्यात ग्रामपंचायतीला तरी काय रस वाटणार? सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल वळणांची बारव गावकऱ्यांनी राबून मोकळी केली. महाराष्ट्र बारव मोहिमेने गावोगावच्या बारवा नकाशावर आणल्या. लोक करतात हो, पण बघायला कुणी येतंय असं दिसलं तर हुरूप टिकतो.

मग लॉजच काढा की! लॉजला वर्षभर गिऱ्हाईक लागतं, कर्ज लागतं, खोल्या रिकाम्या राहिल्या की वर्ष-दोन वर्षांत त्याचं मंगल कार्यालय होतं. त्यापेक्षा फ्रान्समध्ये बघा, लहानलहान गावांच्या नगरपालिका अशा गाड्यांसाठी साधे थांबे चालवतात. सपाट जागा, पाण्याचा नळ, गाडीतला मैला सोडायची सोय, बस्स. बोरीत हेच करायचं. आठवडी बाजाराची जागा आठवड्यातले सहा दिवस मोकळी असते. तिथे चार गाड्यांपुरता कोबा, मीटर लावलेला नळ, एक प्लग पॉइंट, एक स्वच्छ संडास. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सेप्टिक टँकला जोडलेलं झाकणाचं तोंड. त्या झाकणाशिवाय हे धोरण म्हणजे नदीकाठी घाण सोडायला परवाना! बोरीहून चारठाणा, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, पूर्णेवरचं येलदरी धरण, पिंगळीची बारव, औंढा नागनाथ, सगळं एकेका दिवसात जाऊन येण्यासारखं.

दोन अटी मात्र माझ्या. पहिली, जुन्या गावठाणात गाडी न्यायची नाही. तिथल्या बोळांतून बैलगाडीच जेमतेम जाते. दुसरी, फ्रिज भरून आणायचा नाही. ज्याच्याकडे पलंग, जेवण, पाणी सगळं गाडीतच आहे त्याला गावात कुणाची गरजच उरत नाही, आणि गावालाही त्याची. आम्ही मुद्दाम पीठ-मीठ, भाजी, दूध गावातून घेतलं. भाकरी करता येत नव्हत्या, त्याही एका मावशींकडून पैसे देऊन करून घेतल्या. सोबत त्यांनी न मागता ठेचा दिला. तो फुकट होता, पण त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजली!

आणखी एक गोष्ट मनात राहिली. परतीला रस्त्यात ऊसतोडीला निघालेली एक ट्रॉली दिसली. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि वर बसलेली पोरं. पाच-सहा महिन्यांचं बिऱ्हाड. चाकांवरच्या घराचं आपल्याला केवढं अप्रूप, आणि आपल्याच भागातली हजारो कुटुंबं दरवर्षी तसंच घर घेऊन निघतात, पाण्याशिवाय, संडासाशिवाय. बोरीच्या बाजारतळावर तो नळ आणि तो संडास झाला तर त्यांच्या ट्रॉलीलाही तिथे रात्रभर थांबता आलं पाहिजे. बोर्डावर 'फक्त पर्यटकांसाठी' लिहिलं तर मी माझं हे सगळं मत मागे घेईन.

ज्यांना जायचंय त्यांनी दिवाळीनंतर जावं, थंडीत. काकांची गाडी मिळेल, डिझेल आपलं. आषाढात मिळणार नाही, लग्नसराईत तर विचारूच नका.