दुष्टात्म्यांशी झुंज आणि बायबलची कसोटी

जर्मनीतील क्लिंगेनबर्ग येथे १ जुलै १९७६ रोजी २३ वर्षांची एक विद्यार्थिनी उपासमारीने मरण पावली. तिला अपस्मार असल्याचे निदान पूर्वीच झाले होते. तरीही वैद्यकीय उपचार मागे पडले आणि बिशपांच्या परवानगीने दोन धर्मगुरूंनी तिच्यावर दुष्टात्मे घालवण्याचा विधी ६७ वेळा केला. न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही धर्मगुरूंना व तिच्या आई-वडिलांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरवले. परवानगी रीतसर होती. जीव मात्र गेला. अशा विधींना बायबलचा आधार कितपत आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

कॅथलिक चर्चच्या १६१४ च्या विधीची सुधारित आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. बिशपांच्या अनुमतीशिवाय तो करता येत नाही आणि आजारालाच बाधा समजू नये, अशी ताकीदही त्यात आहे. पेंटेकोस्टल व करिश्माई प्रवाहांत असे मध्यवर्ती नियंत्रण नसते. राग, मत्सर, व्यसन यांमागेही दुष्टात्मा पाहणारे उपदेशक तेथे आढळतात.

येशूने अशुद्ध आत्मे घालवल्याचे शुभवर्तमाने सांगतात. पण ते अधिकारवाणीने, मंत्रांच्या आवर्तनांवाचून. दीर्घ विधींचे समर्थक मार्कच्या नवव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. परंतु तेथे भर आहे तो प्रार्थनेवर. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात भूतग्रस्त आणि फेफरेकरी यांचा उल्लेख वेगवेगळा येतो. राग व मत्सर यांना पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात देहाची कर्मे म्हणतो. म्हणजे त्यांची जबाबदारी माणसाचीच. येशूचे नाव मंत्रासारखे वापरू पाहणारे स्केवाचे पुत्र तर 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये घायाळ होऊन पळतात.

खरी कसोटी मार्कच्या पाचव्या अध्यायात आहे. गावकऱ्यांच्या साखळदंडांनाही न आवरलेला माणूस अखेरीस वस्त्रे नेसून, शुद्धीवर येऊन बसलेला दिसतो आणि येशू त्याला घरी पाठवतो. पीडित माणूस सावरून आपल्या माणसांत परतणे, हेच तेथे मुक्तीचे लक्षण आहे.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे वा मारहाण करणे हा गुन्हा ठरवला आहे, मग तसे करणारा कोणत्याही धर्माचा असो. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला हा कायदा परका वाटण्याचे कारण नाही. प्रार्थना अवश्य करावी. मात्र रुग्णाचे अन्न, औषध आणि डॉक्टर तोडणाऱ्या प्रार्थनेला शुभवर्तमानात आधार सापडत नाही.