पोट भरलेली उपाशी गाय

मागच्या जानेवारीत ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, "शनिवारी वडिलांच्या रँचवर येतोस का?" ओमाहात कोडिंग करणं आणि दारातला बर्फ उपसणं, याखेरीज मला उद्योग नव्हता. गेलो. नेब्रास्कातलं सँडहिल्स म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. मैलोगणती वाळलेलं पिवळं गवत आणि त्यात चरणाऱ्या काळ्या अँगस गायी.

त्याच्या वडिलांनी पिकअपमधून गोळी पेंड जमिनीवर ओतली, गायी धावत आल्या. हिशेब केला तर साडेपाचशे किलोच्या गायीला दिवसाला जेमतेम अर्धा किलो! मी म्हटलं, "एवढ्याने काय होणार? गवताचे गठ्ठे रचलेत की तिकडे." ते हसले. "पेंड गायीला नाही, तिच्या पोटातल्या जंतूंना घालतोय."

तर भानगड अशी. गवताचा चोथा गाय स्वतः पचवत नाही, कोठीपोटातले जिवाणू पचवतात. त्यांना चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिनं लागतात आणि हिवाळी गवतात असतात ५-६. जिवाणू उपाशी, मग पचन मंद, चारा पोटात तुंबतो आणि गाय कमी खाते. पोट भरलेलं, तरी रोडावते. थोडी प्रथिनं मिळाली की तेच फुकटचं गवत ती जास्त खाते आणि पचवते. आमच्या भाषेत बॉटलनेक हो! भरमसाठ मका ओतला तर चोथ्याचं पचन उलट आणखी बिघडतं. शिवाय पेंड रोज घालावी लागत नाही. जास्तीचं नायट्रोजन लाळेतून परत पोटात येतं, त्यामुळे तेवढीच पेंड आठवड्यातून तीनदा विभागून दिली तरी भागतं. डिझेल वाचतं ते वेगळंच.

म्हणून मला वाटतं, समोर चरायला गवत उभं असताना हिवाळाभर गठ्ठे सोडत बसणं ही निव्वळ सवय आहे. कापणी, बांधणी, वाहतूक, सगळा खर्च डोक्यावर. पण गठ्ठे नकोतच असंही नाही. १८८६-८७च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानांवर गवत बर्फाखाली गेलं, साठवलेला चारा फारसा नव्हता आणि गुरं प्रचंड संख्येने मेली. गवतच मिळेना तर अर्धा किलो पेंड काय करणार? गठ्ठा हा विमा आहे, तो रोज मोडायचा नसतो.

आणि गाय बघायची ती शरद ऋतूत, बरगड्या दिसल्यावर नव्हे. वसंतात हडकलेली गाय व्याली तर ती माजावर उशिरा येते, पुढचं वासरू लांबतं किंवा हुकतं. रँचची मिळकत त्या वासरावरच.

रात्री गावी काकांना फोन करून हे सगळं ज्ञान पाजळलं. कडब्याबरोबर ते सरकीची पेंड घालायचे, तो मला गायीचा लाड वाटायचा. काका शांतपणे म्हणाले, "अरे, पेंड घातली की कडबा उष्टा राहत नाही. हे सांगायला अमेरिकेला गेलास होय?"

असो!