पिस्टनचा वाद आणि परवान्याची सबब

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात ‘उग्रम’ या ७.६२ मिलिमीटर रायफलीचे अनावरण झाले. ‘डीआरडीओ’ची पुण्यातील ‘एआरडीई’ ही प्रयोगशाळा आणि हैदराबादची एक खासगी कंपनी यांनी ती मिळून घडवली. नवी रायफल आली की एक जुना युक्तिवाद हमखास डोके वर काढतो: भारतात सामान्य नागरिकाला अशी रायफल बाळगता येत नाही, म्हणून भारतीय रचनाकार मागे पडले. हा युक्तिवाद ऐकायला सोपा असला तरी यंत्रशास्त्र आणि कायदा या दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही.

आधी यंत्राकडे पाहावे. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागील तप्त वायूचा लहानसा अंश एका छिद्रातून वळवला जातो. तो पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टवाहकाला. रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. इन्सास आणि एके घराण्यात पिस्टन वाहकालाच जोडलेला असतो व त्याच्याबरोबर संपूर्ण अंतर धावतो. हे जड वस्तुमान धूळ-चिखलाला जुमानत नाही. पण प्रत्येक झाडणीत पुढेमागे आपटून नेम हलवते. जर्मन एचके ४१६ मध्ये आखूड धावेचा पिस्टन वाहकाला ठोसा देऊन थांबतो. अमेरिकी एम-१६ मध्ये असा स्वतंत्र पिस्टन नाहीच; वायू थेट वाहकात शिरतो आणि काजळीही सोबत नेतो. व्हिएतनाममध्ये एम-१६ अडकू लागली, तेव्हा दोष एकट्या या रचनेचा नव्हता. काडतुसातील दारू बदलली गेली होती, कक्षाला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना सफाईचे साहित्य पुरेसे दिले गेले नव्हते. पिस्टनभक्तांनी हा तपशील सोयीस्करपणे विसरू नये.

आता बाजारपेठेचा मुद्दा. अमेरिकेतील नागरी ग्राहकांमुळे एआर-१५ च्या सुट्या भागांत असंख्य सुधारणा झाल्या, हे मान्य करावेच लागेल. परंतु कलाश्निकोव्हची रायफल ज्या सोव्हिएत संघात जन्मली, तेथे नागरिकांच्या हाती तशी शस्त्रे कोठे होती? एचके ४१६ सुद्धा घडली ती सैनिकी गरजेतून.

कायद्याविषयीचा गोंधळ तर याहून मोठा. शस्त्र अधिनियम, १९५९ पिस्टन आखूड की लांब, हे विचारतच नाही. चाप दाबून धरल्यास गोळ्या सुटतच राहतात का, हे तो पाहतो. तशा शस्त्राला तो प्रतिबंधित ठरवतो. २०१६ च्या नियमांनुसार ७.६२ बोअरची रायफल, बोल्ट हाताने ओढायची असली तरी, जिल्हा पातळीवरील साध्या परवान्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षांची केली. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. या तरतुदी कठोर आहेत, परंतु त्या मालकीविषयी आहेत. शस्त्रनिर्मितीचा परवाना ही वेगळी बाब असून ते क्षेत्र खासगी उद्योगाला २००१ मध्येच खुले झाले. दोन परवान्यांची सरमिसळ करून रचनाकाराचे अपयश गृह मंत्रालयाच्या दारात टाकणे, ही निव्वळ पळवाट आहे. (क्रीडेचाही दाखला देऊ नये. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते .२२ बोअरच्या, हाताने बोल्ट चालवायच्या रायफलीने.)

इन्सासविषयीच्या गाजलेल्या तक्रारींत थंडीत तडकणारे प्लॅस्टिकचे मॅगझिन होते. तो प्रश्न पदार्थविज्ञानाचा आणि कारखान्यातील गुणवत्तेचा. पिस्टनचा त्यात काय संबंध? उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत पहारा देणाऱ्या जवानाला त्याची किंमत मोजावी लागते. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मागायचेच असेल, तर घरी ठेवायला रायफल मागू नये. हजार गोळ्यांमागे यंत्र किती वेळा अडकले, उणे तापमानात मॅगझिनचे ओठ किती वाकले, वायूचे छिद्र किती झिजले, हे जुन्या चाचण्यांचे आकडे त्याने मागावेत.