कोबीतली अळी आणि मेंदूतली गाठ



गेल्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गात एका मुलाला फीट आली. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल पुढे केली. (दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.) पुढे तपासणीत मेंदूत पट्टकृमीची गाठ निघाली. आई रडवेली होऊन म्हणाली, "सर, आम्ही माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. हे डुकराचं दुखणं आमच्या लेकराला कसं झालं?"

प्रश्न रास्त होता, आणि आपण वर्गात जे शिकवतो त्यात त्याचं उत्तर नाही. 'डुकराचं कच्चं मांस खाऊ नये' एवढं सांगून आपण पुढे जातो. पण तसं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठ होते ती या कृमीची अंडी पोटात गेल्यावर, आणि अंडी बाहेर पडतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावर शौचाला बसणं, मैलापाण्यावर पिकवलेली भाजी, न धुतलेले हात... म्हणजे मांस एकाने खाल्लं तरी गाठ दुसऱ्याच्या डोक्यात होऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये १९९०-९१ च्या सुमारास डुकराला शिवतही नाहीत अशा कर्मठ ज्यू घरांतल्या चौघांना हाच आजार झाला होता. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते, की जिथे माणसं आणि मोकाट डुकरं जवळजवळ राहतात अशा अनेक भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं.

आता ती कोबीतली अळी. 'ती डोक्यात जाते' म्हणून कितीतरी घरांत कोबी-फ्लॉवर बंद आहे. अहो, ती पतंगाची नाहीतर फुलपाखराची अळी! ती मेंदूत जात नाही. पट्टकृमीचं अंडं तुम्हाला दिसणारच नाही. एका मिलिमीटरात पंचवीसेक बसतील. शिजवलेल्या कोबीला आपण घाबरतो आणि न धुतलेली कोथिंबीर वरून भुरभुरवतो. काकडी, गाजर, मुळा, कोथिंबीर, जे जे कच्चं खाता ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. आणि शाळेतल्या शौचालयाबाहेर साबण नसेल, तर माझ्या मते हा धडा शिकवायचा आपल्याला अधिकारच नाही.

तो मुलगा आता गोळ्या घेतो, रोज शाळेत येतो. एका पालकांनी चिठ्ठी पाठवली होती, 'आमच्या मुलीला त्याच्याशेजारी बसवू नका.' मेंदूतली गाठ शेजारी बसून लागत नाही, हे मी त्यांना बोलावून समजावलं. बाक बदललेला नाही.