कड्याच्या काठावरचे औदात्त्य

आपल्या बहुतेक दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षात पर्वताचे एखादे चित्र असतेच. हिमाच्छादित शिखर आणि पायथ्याशी निळे सरोवर. बहुधा ते औषध कंपनीच्या कॅलेंडरवरून आलेले असते आणि पर्वत आल्प्समधला असतो. चित्र सुंदर असते. पण मन हलत नाही. सुंदर आणि उदात्त यांतील हा भेद एडमंड बर्कने १७५७ साली मांडला. सुंदर वस्तू रिझविते. उदात्त वस्तू आधी भिवविते, आणि ते भय सुरक्षित अंतरावर असल्यामुळेच आपण त्यात रमतो.

निकोलस रोरिक १९२८ पासून १९४७ मधील निधनापर्यंत कुलू खोऱ्यातील नग्गर येथे राहून हिमालय रंगवीत होते. त्यांच्या हिमशिखरांकडे दृष्टी खालून वर जाते. आपला सह्याद्री निराळा. बेळगावहून पठारावरून जाताना डोंगर चढल्याचे जाणवतही नाही. आंबोलीला मात्र पायाखालची भूमी एकाएकी संपते. येथील औदात्त्य उंचीचे नव्हे, खोलीचे आहे. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिख याने सुमारे १८१८ मध्ये धुक्याचा सागर न्याहाळणारा पाठमोरा पांथस्थ रंगविला. पावसाळ्यात आंबोलीच्या कड्यावर उभे राहिलेल्या कोणालाही तो आपल्यातलाच वाटेल.

काही वर्षांपूर्वी एका तरुण रुग्णाला वाचविण्यात मला अपयश आले. पुढच्या रविवारी मी त्या कड्यावर गेलो. दरी धुक्याने भरली होती. पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाचा खडक होता. दुःख ओसरले नाही. परंतु सारे काही माझ्याच हाती होते, हा अपराधभावाआड दडलेला अहंकार गळून पडला. अफाट निसर्गापुढे देह क्षुद्र ठरतो त्याच क्षणी आपल्यातील विवेकाची थोरवी उमगते, असे प्रतिपादन कांटने १७९० मध्ये केले. सोमवारी पुन्हा रुग्ण तपासायला बसलो, ते याच बळावर.

के. बी. कुलकर्णींसारखा गुरू आणि रवी परांजपे यांच्यासारखा शिष्य देणाऱ्या बेळगावात चित्रकारांची वानवा नाही. व्यवसायबंधूंनो, ते कॅलेंडर उतरवा. आंबोली, चोर्ला वा निपाणीजवळचा तवंदी घाट येथील चित्रकाराकडून रंगवून घ्या. दूरच्या रांगा फिकट, निळसर होत धुक्यात विरताना त्यात दिसू द्या. मात्र ते चित्र प्रतीक्षाकक्षात नको. आपल्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावा. रुग्ण आपणांस देव म्हणतो, तेव्हा दृष्टी तेथे जावी.