मशीन नंतर घ्या, आधी कचरा वेगळा करा



"सर, रिसायकलिंगमध्ये लय स्कोप आहे म्हणतात. प्लास्टिकचे दाणे बनवायची मशीन घेऊ का?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं मत स्पष्ट आहे. आत्ताच घेऊ नका. आधी स्वतःच्या घरातला कचरा नीट वेगळा करायला शिका.

कारण ऐका. या धंद्यात कच्चा माल फुकट मिळतो, असं सगळ्यांना वाटतं. फुकट मिळतो तो कचरा. निवडून, वाळवून ठेवला की मग तो माल होतो. जवळच्या भंगारवाल्याकडे अर्धा तास उभे राहा. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, वहीचा कागद वेगळा आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. तीच रद्दी भाजीच्या देठांत आणि चहाच्या चोथ्यात भिजली की कोणी विचारत नाही.

प्लास्टिकचं तर त्याहून अवघड. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो, तो वाचायला शिका. १ म्हणजे पेट, पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन. ५ म्हणजे पीपी, हॉटेलच्या पार्सलचे बरेचसे डबे. हे सगळं एकत्र वितळवलं तर दाणा कमजोर निघतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. चिप्सच्या पाकिटात तर वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. अशी पाकिटं घरात कमी आणणं, हाच त्यावरचा खरा उपाय.

आता घरातल्या सवयी बघू. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, तो बारीक तुकडा कोणी वेचत नाही. नुसती चीर द्या, पिशवी धुवा, वाळवा. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट भाग फाडून बाजूला काढा, कोरडा पुठ्ठा रद्दीत द्या. दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागद रद्दीत नको, त्यावर रसायनाचा थर असतो. जुने चार्जर, खराब मोबाईल ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. फुगलेली बॅटरी डब्यात दाबली गेली तर आग लागू शकते. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा, हे २०१६ च्या नियमांतच लिहिलं होतं.

मग लोक थेट मशीनवर का उडी मारतात? खरं सांगू? लाज वाटते. मशीन घेतली की "कारखानदार", दारोदारी माल गोळा केला की "भंगारवाला". पण या धंद्याचं ज्ञान आहे कोणाकडे? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांची संघटना म्हणून उभी आहे. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. तिथल्या ताई नुसत्या हाताच्या स्पर्शावरून आणि आवाजावरून प्लास्टिक ओळखतात. बीबीएच्या सप्लाय चेनच्या पुस्तकात हे नव्हतं. अशा माणसांना डावलून नाही, त्यांना बरोबर घेऊन धंदा उभा राहतो.

आणि कचरा कमी करण्यातही धंदा आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणजे कापडी पिशवी शिवणाऱ्याला गिऱ्हाईक आहे. मिक्सर, छत्री, बॅग दुरुस्त करणारा शोधूनही सापडत नाही. या कामांना दाण्याच्या मशीनइतकं भांडवल लागत नाही.

तर गृहपाठ घ्या. तीस दिवस घरात सुक्या कचऱ्याची चार पोती ठेवा: कागद-पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू. दर रविवारी काट्यावर वजन करा, वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी विका आणि मिळालेला भाव समोर मांडा. मग मशीनची रोजची क्षमता विचारा आणि भागाकार करा. रोज किती घरांचा निवडलेला माल लागेल, तो आकडा समोर येईल.

तेवढी घरं तुमच्याकडे नसतील, तर कर्जाच्या फॉर्मवर सही करू नका. आधी घरं जोडा.